कर्कच्या हाती मी बोट देणार नाही



विज्ञानकथा संमेलनात चर्चा अंतराळयानांच्या कप्तानांची आणि स्वागताध्यक्ष रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला बोटमालक, हे बघून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण हंगामात बोट कोणाच्या हाती सोपवायची, हे ठरवणं हाच माझा धंदा. या कप्तानांकडेही मी त्याच नजरेनं बघतो.

१९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, त्याच वर्षी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. तिचा कप्तान कर्क धाडसी, हजरजबाबी, देखणा. पण अनोळखी ग्रह दिसला की उतरणार हाच, आणि बरोबर स्पॉक नि डॉक्टर मॅकॉय, म्हणजे यानावरची सगळी जाणती माणसं! मग सुकाणू कोणी धरायचं? कर्कला बोट नाही. १९८७ साली आलेल्या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला कप्तान पिकार्ड आधी सगळ्यांना टेबलाभोवती बसवतो, ऐकतो, मग हुकूम सोडतो. तो स्वतः ग्रहावर निघाला, तर त्याचा दुय्यम अधिकारी रायकर त्याला तोंडावर अडवतो. असा अडवणारा माणूस ज्याच्या हाताखाली टिकतो, त्याला मी आंधळेपणानं बोट देईन.

आपल्या दूरदर्शनवर १९९८ साली मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’ आला. फरारी गुन्हेगारांच्या पाठलागात तो इतका गुंतलेला, की त्याच्यातला कप्तान मला नीटसा दिसलाच नाही.

माझी खरी पसंती ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ मालिकेतल्या कप्तान कॅथरीन जेनवेला. घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलेलं यान, आणि परतायचं साधन तिनं परक्या लोकांच्या रक्षणासाठी स्वतःच उडवून दिलं. ज्या बंडखोरांना पकडायला निघाली होती त्यांनाच यानावर घेतलं, त्यांच्या म्होरक्याला, चकोटेला, आपल्या खालोखालचं पद दिलं. पुढे नीलिक्स नावाच्या एका आगंतुकानं तिच्या खासगी जेवणघराचं सगळ्यांसाठी स्वयंपाकघर करून टाकलं. बाई चिडल्या, पण चूल चालू राहिली. आमच्याकडेही माणसं चुलीपाशीच टिकतात. आमच्या बोटींवर नेपाळहून पोरं येतात, समुद्र आधी कधी न पाहिलेली. भाताचा टोप उतरल्यावर जो तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, पहिला डाव नव्या पोराच्या ताटात वाढतो, त्याचे खलाशी उचल घेऊन मध्येच पळत नाहीत.

दुपारच्या सत्रात आमचे काही तांडेल येणार आहेत. त्यांनी यातलं काही पाहिलेलं नाही. कर्कचे पराक्रम त्यांना तुम्हीच सांगा आणि ते काय म्हणतात ते ऐका. जेवणाची चिंता नको, सुरमई सकाळीच बंदरावर उतरली आहे.