चप्पल त्याची त्यालाच घालू द्या

माझा मुलगा दोन वर्षांचा. वडखळला घरी गेलो की चप्पल स्वतःच घालतो. उलटी, पाच मिनिटं लावून. मी हात पुढे केला की ओरडतो, "मी!" कोडमधली चूक दिसताच दुरुस्त करायची माझी सवय इथे नडते. अम्मी म्हणते, "बस जरा गप्प."

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालवाडी काढली. वस्तीतली मुलं येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. साधनं म्हणजे शिंपले, खडे, पानं. मुलांनीच हाताळायची.

महाग खेळणी राहू द्या. जेवताना चमचा त्याच्या हातात द्या. सांडेल. आमच्याकडे रोज सांडतं, आता फडकंही तोच आणतो. हायवेवर मात्र हात सोडायचा नाही, कितीही ओरडला तरी.