रॉबर्टची आई

श्रोतेहो, आपल्याकडे खेड्यापाड्यांत बाईला तिच्या नावाने हाक मारायची रीत फारशी नव्हती. थोरले मूल झाले की ती त्याची आई. बाळूची आई, शंकरची आई. आफ्रिकेच्या दक्षिण भागातही अशीच रीत आहे. मुलाच्या नावाआधी 'मा' लावला की झाले. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथले लोक एका गोऱ्या बाईला 'मा-रॉबर्ट' म्हणत. म्हणजे रॉबर्टची आई.

तिचे नाव मेरी, आणि तिचा नवरा डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. त्याचे नाव आपण शाळेच्या भूगोलात वाचले आहे. झांबेझी नदी, व्हिक्टोरिया धबधबा म्हटले की तो आठवतो. त्याच्या प्रवासाच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. त्या प्रवासाची किंमत कोणी मोजली, ते आज पाहू.

लिव्हिंग्स्टन स्कॉटलंडमधला गरिबाचा पोर. दहाव्या वर्षापासून सूतगिरणीत राबला, रात्रीच्या शाळेत शिकला, डॉक्टर झाला आणि १८४१ साली मिशनरी म्हणून आफ्रिकेत आला. १८४५ साली त्याने मेरीशी लग्न केले. मेरीही मिशनऱ्याचीच मुलगी. पण जन्म आफ्रिकेतला, तिथली भाषा तोंडात बसलेली. आज ज्याला बोत्सवाना म्हणतात त्या देशात, कोलोबेंग येथे, त्यांनी घर केले. मेरी वारुळाच्या पोकळीत पाव भाजी, राखेपासून साबण करी, मेणबत्त्या ओती आणि शिवाय लहान मुलांची शाळा चालवी. नवऱ्याचा सारा संसार तिच्या हातावर उभा होता.

नवऱ्याचे डोळे मात्र उत्तरेकडे लागलेले. वाळवंटापलीकडे मोठे सरोवर आहे, पलीकडे नद्या आहेत, असे लोक सांगत. १८४९ साली तो न्गामी सरोवरापर्यंत जाऊन आला. पुढच्या वर्षी पुन्हा निघाला, तो बायको आणि तीन लहान मुले घेऊन. मेरी त्या वेळी गरोदर होती. वाहन कोणते? आपल्यासारखाच बैलगाडा, फक्त बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपलेला. वाटेत बैलांना मारणारी त्सेत्से माशी, आणि मुलांना हिवताप. शेवटी परत फिरावे लागले. घरी आल्यावर मुलगी झाली, ती दीड महिन्यात गेली. मेरीच्या चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारे गेले.

एवढ्याने तो थांबला का? नाही. १८५१ साली तोच रस्ता, तोच गाडा, तीच मुले, आणि मेरी पुन्हा गरोदर. या खेपेस वाटाड्या सोडून गेला. गाड्यातले पाणी एका नोकराच्या हातून वाया गेले. मुले पाणी पाणी करू लागली. पाचव्या दिवशी दुपारनंतर माणसे पाणी घेऊन परतली, तेव्हा जीव वाचले. लिव्हिंग्स्टनने स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्या दिवसांत मेरीने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. डोळे मात्र भरलेले होते. श्रोतेहो, दुष्काळात घोटभर पाण्यासाठी मूल रडताना ज्याने पाहिले आहे, त्याला त्या डोळ्यांचा अर्थ निराळा सांगायला नको. परतीच्या वाटेवर, नदीकाठी, ती बाळंत झाली.

मग १८५२ च्या एप्रिलमध्ये केपटाऊनच्या बंदरात त्याने बायको आणि चार मुले इंग्लंडच्या बोटीत बसवली. थोरला रॉबर्ट सहा वर्षांचा, धाकटा सात महिन्यांचा. दोन वर्षांत येतो, असे त्याने सांगितले होते. तो आला साडेचार वर्षांनी.

त्या साडेचार वर्षांत त्याने आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडला. पण त्यातली एक गोष्ट ऐका. १८५४ साली तो पश्चिमेच्या लुआंडा बंदरात पोहोचला तेव्हा तापाने पार खंगला होता. तिथे इंग्रजांची जहाजे होती. चला, तुम्हाला नेतो, असे ते अधिकारी म्हणाले. तो नाही म्हणाला. कारण त्याच्याबरोबर आलेल्या सत्तावीस आफ्रिकी सोबत्यांना परत त्यांच्या मुलखात पोहोचवीन, असे त्याचे वचन होते. ते त्याने पाळले. त्या काळी गोरा माणूस काळ्या माणसाला दिलेल्या शब्दासाठी शेकडो मैल परत चालत जातो, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच माणसाने दुसरेही एक वचन दिले होते, आणि ते पाळले गेले नाही.

इकडे मेरीचे दिवस कसे गेले? मिशनकडून मिळणारे पैसे अपुरे. सासरी पटेना. चार मुले घेऊन या घरातून त्या घरात. आफ्रिकेत वाढलेल्या त्या बाईला इंग्लंड म्हणजे परका मुलूखच. मन हरले, आणि हळूहळू तिने दारूचा आधार घेतला.

१८५८ साली लिव्हिंग्स्टन सरकारी मोहीम घेऊन झांबेझीवर निघाला. मेरी बरोबर होती. पण पुन्हा दिवस गेल्याचे कळले, म्हणून तिला केपटाऊनला उतरवले. नदीवर चालवायला आणलेल्या आगबोटीचे नाव काय ठेवले होते? 'मा-रॉबर्ट'! बाई मागे राहिली आणि तिचे नाव पुढे गेले. ती बोटही गळकी निघाली आणि १८६० साली बुडाली. मेरी १८६२ च्या आरंभी नवऱ्यापाशी पोहोचली. तीन महिन्यांत, २७ एप्रिलला, शुपांगा येथे हिवतापाने गेली. वय एकेचाळीस. नदीकाठच्या एका गोरखचिंचेखाली तिला पुरले. तो लहान मुलासारखा रडला. आता आपणही मरावे असे आयुष्यात प्रथमच वाटले, असे त्याने रोजनिशीत लिहिले. धाकट्या मुलीला तर त्याने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती पाच वर्षांची झाली होती.

आणि रॉबर्ट? तो बापाच्या शोधात आफ्रिकेत आला. गाठ पडली नाही. तिथून अमेरिकेत गेला, तिथल्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत शिपाई झाला, आणि नाव बदलले. बापाला त्याने कळवले की, तुमचे नाव लावून त्याला आणखी कमीपणा आणू इच्छीत नाही. १८६४ च्या डिसेंबरात शत्रूच्या कैदेत तो वारला. वय अठरा. ज्याच्या नावाने आईला हाक मारीत, त्याने ते नावच टाकून दिले होते.

श्रोतेहो, लिव्हिंग्स्टनला खलनायक ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. गुलामांच्या व्यापाराची हकीकत त्याने जगापुढे मांडली, आणि १८७३ साली, त्याच्या मृत्यूनंतर महिनाभरात, झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. हे त्याचे पुण्य खरेच. पण शेवटची सात वर्षे तो नाईल नदीचा उगम शोधीत भटकला, आणि ज्या नदीला तो नाईल समजत होता, ती निघाली काँगो.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियात, तो गेला. सोबत्यांनी त्याचे काळीज तिथेच झाडाखाली पुरले आणि देह हजारांहून अधिक मैल वाहून समुद्रावर आणला. त्या सोबत्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आपल्या नाशिकजवळ शरणपूरला जी शाळा होती, तिथे तो शिकला होता. झाडाखालची अखेरची प्रार्थना त्यानेच वाचली, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदेकरी म्हणूनही तोच उभा राहिला.

आता हिशेब पाहा. बाप लंडनमध्ये, त्याचे काळीज झांबियात, आई मोझांबिकमध्ये, थोरला मुलगा अमेरिकेत, आणि दीड महिन्याची लेक कोलोबेंगला. एका घरच्या माणसांना मरणानेही एका जागी आणले नाही.

ध्येयासाठी घर सोडणारे आपल्याकडेही आहेत, आणि त्यांचे मोल आपण जाणतो. परंतु स्वतःचे सुख देणे निराळे, आणि न विचारता दुसऱ्याचे देणे निराळे. लिव्हिंग्स्टनला हे उमगले, पण उशिरा. उतारवयात त्याने लिहिले की, कोलोबेंगच्या दिवसांत मी मुलांबरोबर खेळायला वेळ काढला नाही, एवढी एक खंत राहिली. दिवसभर शिकवून संध्याकाळी तो इतका थकलेला असे की खेळायला अंगात त्राणच नसे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात नकाशावर झांबेझी दाखवाल तेव्हा धबधब्यावर बोट ठेवाच. पण तिथून बोट नदीबरोबर पूर्वेकडे, समुद्राच्या अलीकडे न्या, आणि मुलांना सांगा, इथे रॉबर्टची आई आहे.