रमच्या वासाचं अत्तर



सुगंधावर बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात मोगरा, केवडा, पहिल्या पावसाची माती असं काहीतरी असणार. कवी म्हटला की माणसं त्याच्याकडून एवढंच मागतात. पण मला आज एका बाटलीविषयी बोलायचं आहे. ही बाटली गेल्या ईदला माझ्या मुलीनं पुण्याहून आणली. आत गुळाच्या काकवीच्या रंगाचं पाणी, वर फवारा. डबीवर बारीक इंग्रजी अक्षरांत दालचिनी, व्हॅनिला आणि रम असं लिहिलेलं. शिवाय हे पुरुषांनीही लावावं आणि बायकांनीही, अशी सूचना.

‘रम?’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘अब्बा, रम नै है इसमें. खाली बास है रम की,’ मुलगी म्हणाली.

आमच्या घरात आजवर दारूचा थेंब आलेला नाही. आता तिचा वास तेवढा आला, तोही ईदच्या दिवशी, लेकीच्या हातून. मी हसलो आणि मनगटावर फवारा मारला. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘शीरखुर्म्यात कुणी खोकल्याचं औषध सांडलंय का?’ पहिल्या मिनिटाला मलाही तसंच वाटलं. पाच मिनिटांनी मात्र खोलीत माझा चाचा येऊन उभा राहिला.

चाचाकडे येण्याआधी थोडं अत्तराविषयी सांगायला हवं.

आमचे अब्बा दर जुम्म्याला आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवत. जुम्म्याला सुगंध लावणं ही सुन्नत. पैगंबरसाहेबांना सुगंध फार प्रिय होता, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अब्बांचं वेळापत्रक ठरलेलं होतं. उन्हाळ्यात खस, पावसाळ्यात मिट्टी, थंडीत हिना नाहीतर शमामा. खस थंड आणि शमामा गरम, असं ते म्हणत. थंडीत शमामा लावला की अंगात ऊब येते यावर त्यांचा इतका विश्वास होता, की स्वेटर मी त्यांच्या अंगावर क्वचितच पाहिला.

शमामा हे फुलाचं अत्तर नव्हे. ते मसाल्याचं अत्तर आहे. लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, नागरमोथा, जटामांसी आणि आपलं दगडफूल. होय, तेच दगडफूल, जे मराठवाड्यातल्या घराघरांत काळ्या मसाल्यासाठी तेलावर परततात. कनौजला हे सारं तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर उकळतात. झाकणाच्या फटी मातीनं लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. सगळा वास त्या तेलात मुरतो. यात अल्कोहोल कुठंच नाही. म्हणूनच अत्तर उडत नाही, अंगाला धरून बसतं. चार हात लांबच्या माणसाला ते कळत नाही, पण गळाभेट घेणाऱ्याला कळतं. आता चंदन इतकं महाग झालंय, की स्वस्त बाटल्यांत त्या जागी पॅराफिनचं तेल येतं. ते नाकाला कळतं, पण खिशाकडे बघून आपण गप्प बसतो.

आणि स्त्रीचं-पुरुषाचं म्हणाल तर अत्तराच्या पेटीत असा भेद मी कधी पाहिलेला नाही. माळेगावच्या यात्रेत किंवा कंधारच्या उरुसात पेटी उघडून बसलेला अत्तरवाला समोर कोण आहे ते बघत नसे. मनगट पुढं आलं की काचेची काडी टेकवायचा. बाईला फूल आणि पुरुषाला लाकूड ही वाटणी दुकानांच्या काचेच्या कपाटांतली. आता त्याच कंपन्या ‘दोघांसाठी’ म्हणून विकतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात.

शाळेत मात्र या अत्तरानं मला ओळख चिकटवली. थंडीच्या दिवसांत अब्बांचा हात माझ्या डोक्यावरून फिरलेला असे. शेजारी बसणारा मुलगा नाक वर करून म्हणायचा, ‘तुमच्याकडचा वास येतोय.’ त्याच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मी गेलो तर मांडवाच्या तोंडाशी चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी. प्रत्येकाच्या हातावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी. मी घरी येऊन अब्बांना विचारलं, ‘मग ते आपलं की त्यांचं?’ अब्बा म्हणाले, ‘जिनं ताप्त्याचं फडकं धुतलं तिलाही वास लागतो.’ तेव्हा मला ते समजलं नाही.

पुढं वाचनाच्या नादात कळलं, की लातूरपासून फार लांब नसलेल्या कल्याणी म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहिला, आणि त्यात राजानं अंगाला कोणकोणते सुगंध लावावेत याची पाककृतीसारखी वर्णनं आहेत. त्याहून मोठा आनंद वेगळाच होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी सुगंधविद्येच्या ज्या जुन्या हस्तलिखितांवर लिहिलं, त्यांत ‘गंधवाद’ नावाची एक पोथी आहे आणि तिच्यावर चक्क मराठी टीका आहे. गंगाधराच्या ‘गंधसारा’बरोबर ती १९८९ साली बडोद्याहून छापून निघाली. म्हणजे अत्तर कसं करावं हे शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी मराठीत समजावून सांगत होतं. मुसलमान असून मराठीत कसं काय लिहिता, असं मला अजून अधूनमधून विचारलं जातं. तेव्हा मला ती पोथी आठवते. असो.

आता चाचा.

चाचा म्हणजे अब्बांचा धाकटा भाऊ. गळीत हंगामात तो उसाचा ट्रक चालवायचा. कारखान्याचं नाव सांगत नाही, आपल्या भागात ते कुठलंही असू शकतं. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की वाऱ्यावर मळीचा वास येतो, गोड, आंबूस, जळका. ज्यांचं गाव कारखान्याजवळ आहे त्यांना तो वास सांगावा लागत नाही. चाचाच्या कपड्यांना, केसांना, ट्रकच्या गादीला तो वास मुरलेला असायचा. आणि चाचा प्यायचा. आठवड्याची हप्त्याची रात्र झाली की प्यायचा, रम नाहीतर मिळेल ते. मग खिशातून अत्तराची बोटभर कुपी काढून मानेला, मनगटाला, मिशीला लावायचा आणि आमच्याकडे जेवायला यायचा. अब्बांच्याच अत्तरवाल्याकडून घेतलेला शमामा. दोघं भाऊ एकच अत्तर लावत. एक अल्लाहसमोर उभं राहण्यासाठी, दुसरा भावासमोर.

लहान असताना मला हे माहीत नव्हतं. मला चाचाचा वास जगात सगळ्यांत आवडायचा. गूळ, लवंग, धूर आणि आणखी काहीतरी.

१९८२च्या हिवाळ्यात तो मला ट्रकमधून कारखान्यावर घेऊन गेला. गव्हाणीत ऊस पडताना दाखवला, गरम रस पाजला. परतीच्या वाटेवर एका ठिकाणी ट्रक थांबवून तो पाच मिनिटं दिसेनासा झाला. घरी आल्यावर अब्बांनी मला जवळ घेऊन हळूच विचारलं, ‘चाचानं वाटेत काही घेतलं का?’ मी म्हणालो, ‘नाही. फक्त अत्तर लावलं.’

मला वाटलं, मी चाचाची बाजू घेतली. भर दुपारी, ट्रक चालवताना, पोर शेजारी बसलेलं असताना माणूस अत्तर कशाला लावेल, हे अब्बांना कळायला एक क्षण लागला. त्यांनी आवाज चढवला नाही. बाहेर जाऊन चाचाशी दोन वाक्यं बोलले. ती मला ऐकू आली नाहीत. त्यानंतर चाचा आमच्या घरी जेवायला आला नाही. अब्बांनी शमामा लावणं सोडलं. थंडीतही खसच लावू लागले.

चाचा १९८६च्या पावसाळ्यात गेला. वय चाळीसही नव्हतं, काविळीनं गेला. मय्यतीला आंघोळ घालताना शेवटच्या पाण्यात कापूर घालतात, कफनाला अत्तर लावतात. मी सोळा वर्षांचा होतो. अब्बांनी मला पैसे दिले आणि म्हणाले, ‘इतवाऱ्यातून अत्तर घेऊन ये.’ मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, ‘खस नको. शमामा आण.’

कफनाला त्यांनी स्वतःच्या हातानं अत्तर लावलं.

मुलीच्या बाटलीतून मला आलेला वास हाच होता. मळी, मसाला आणि दारू.

आता मला प्रश्न पडला, हे घडतं कसं? दारू न घालता दारूचा वास कुठून येतो? थोडी चौकशी केली. रम होते ती मळीपासून. मळी आंबवली, उकळून वाफ थंड केली की स्पिरिट. आंबवताना यीस्ट जी द्रव्यं तयार करतो त्यांतून पिकल्या फळांसारखा वास येतो. नंतर ते ओकच्या पिंपात मुरवतात, आणि ओकच्या लाकडातून व्हॅनिलाचं जे मूळ द्रव्य तेच स्पिरिटात उतरतं. म्हणून रम आणि व्हॅनिला यांची सोयरीक जन्माची. अत्तर बनवणारे हे तुकडे वेगवेगळे गोळा करून पुन्हा जोडतात. त्यातला एक तुकडा ऐकून मी थक्क झालो. सुकवलेल्या जर्दाळूसारखा, रमसारखा गोड वास देणारं एक तेल जगभरचे अत्तरवाले वापरतात, आणि ते निघतं आपल्या दवण्यातून. चैत्रात देवाला वाहतात तो दवणा. जोतिबाच्या यात्रेत गुलालाबरोबर ज्याच्या जुड्या असतात तो दवणा. तो प्रामुख्यानं दक्षिण भारतात पिकतो, चार महिन्यांत हाताशी येतो. त्याच्या तेलाची आणखी एक ख्याती आहे. प्रत्येकाच्या कातडीवर ते निराळं वास देतं. माझ्या बाटलीत दवणा आहे की कारखान्यातलं रसायन, ते डबीवर लिहिलेलं नाही. पण देवाच्या पायावरची जुडी आणि चाचाच्या मिशीवरचा वास एवढे जवळचे असतील, असं मला वाटलं नव्हतं.

राहिला अल्कोहोलचा प्रश्न. फवाऱ्याच्या सुगंधात रम नसली तरी बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. मी आमच्या ओळखीच्या एका मौलानांना विचारलं. ते म्हणाले, मतं दोन आहेत. काही उलेमा सांगतात, टाळावं. हनफी परंपरेतले आजचे अनेक मुफ्ती म्हणतात, जे अल्कोहोल द्राक्षाचं किंवा खजुराचं नाही आणि पिण्यासाठी नाही, ते बाहेरून लावायला हरकत नाही. मग त्यांनीच मला विचारलं, ‘हे कशाचं असतं?’ मी म्हणालो, ‘आपल्याकडे बहुतेक उसाचं.’ एक टन उसातून चाळीस-पन्नास किलो मळी निघते, एक टन मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल. मी विष्णुपुरीला राहतो. इथं गोदावरीचं पाणी अडवून, पंपानं उचलून कालव्यात सोडतात आणि त्यावर ऊस उभा राहतो. म्हणजे जे आमच्या दारावरून वाहतं तेच फिरून फिरून बाटलीत. मौलाना हसले. म्हणाले, ‘शंका असेल तर नमाजला नका लावू. कविसंमेलनाला लावा.’

मी तसंच केलं, आणि फसलो. एका महाविद्यालयात कवितावाचन होतं. माझी कविता बरी झाली, टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक तरुण प्राध्यापक जवळ आले, थबकले, आणि डोळा मिचकावून म्हणाले, ‘सर, आज अगदी रंगात होता.’ काय सांगावं? ‘रम नाही हो, खाली बास आहे,’ असं म्हणायचं? मी म्हणालो, ‘अत्तर लावलंय.’ ते आणखी जोरात हसले. चार दशकांपूर्वी मी चाचाविषयी जे उत्तर दिलं होतं, तेच उत्तर. आणि तेव्हाइतकंच निरुपयोगी.

त्या रात्री विष्णुपुरीला परत येताना मला पहिल्यांदा कळलं, की चाचा त्या कुपीनं नुसता वास लपवत नव्हता. त्याला माहीत होतं की तो लपत नाही. अब्बांनाही माहीत होतं. चाचा अत्तर लावून यायचा, म्हणजे भावाला लाज वाटू नये एवढी तरी तयारी करून यायचा, आणि अब्बा ती तयारी बघून ताट वाढायला सांगायचे. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं. ते माझ्या एका वाक्यानं मोडलं. त्यानंतर न कळल्यासारखं करणं अब्बांना शक्य राहिलं नाही. हे मी अब्बांना कधी बोललो नाही. २००९ साली तेही गेले. त्यांच्या कफनाला अत्तर आणायला मला कुणी पाठवलं नाही. मी आपणहून इतवाऱ्यात गेलो आणि शमामाच आणला.

मुलगी फोनवर विचारते, ‘अब्बा, लगाते क्या?’ मी लावतो. जुम्म्याला अब्बांच्या पद्धतीनं फाया, आणि एरवी, संध्याकाळी नदीकडे फिरायला निघताना, ही बाटली. काळेश्वराच्या बाजूनं वारा येतो आणि हंगाम असेल तर त्या वाऱ्यात कधी कधी मळीही असते. मग बाटलीतलं कुठलं आणि वाऱ्यावरचं कुठलं ते मला सांगता येत नाही.

एक मात्र आहे. मी मोजून दोन फवारे मारतो, आणि बाटली त्या हिशेबापेक्षा लवकर उतरते आहे. परवा आमच्या बायकोच्या ओढणीला दालचिनीचा वास आला. स्वयंपाकघरातून आली होती, त्यामुळं मी काही विचारलं नाही.