जिवंतपणीचा अस्थिसंचय



अस्थिसंचय हा शब्द कानांवर पडला की आपण मनातून चरकतो. कारण स्मशानातील राखेशी तो जोडलेला आहे. आज आम्ही तो मुद्दाम वापरीत आहोत. अस्थींचा खरा संचय माणसाने जिवंतपणी, आणि त्यातही आयुष्याच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत करावयाचा असतो, एवढेच आमचे आजचे सांगणे आहे.

दधीची ऋषींच्या अस्थींचे वज्र झाले ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे हाड म्हणजे एकदा घडलेला दगड, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. देहातील हाड अखंड मोडले जात असते आणि अखंड बांधले जात असते. जुने हाड खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे लिंपणाऱ्या वेगळ्या. तारुण्यापर्यंत लिंपणाऱ्यांचा हात वर असतो, तिशीच्या सुमारास जमाखर्चाची तोंडमिळवणी होते आणि पुढे खर्च वाढत जातो. स्त्रियांची पाळी थांबल्यावर पहिली पाच-सात वर्षे तर तो फार वेगाने होतो. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. रक्ताला ते कमी पडले की हाडांतून काढून घेतले जाते, आणि या काढण्याचा आवाज होत नाही. एके दिवशी मोरीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते, तेव्हाच शिल्लक कळते.

ही शिल्लक तीन गोष्टींनी वाढते : भार, ऊन आणि अन्न. आपल्या या शहरात त्या तिन्हींचे काय झाले आहे, ते क्रमाने पाहू.

प्रथम भार. बर्लिनचे शल्यवैद्य यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली दाखवून दिले की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते. भारच नसेल तर काय होते, हे अंतराळवीरांनी अनुभवले आहे. तेथे वजन जाणवत नाही आणि कमरेखालच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याहून अधिक घटते. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. त्यापूर्वी या खाडीकाठी आगरी आणि कोळी लोकांची गावे होती. भातशेती, मिठागरे, मासळीची पाटी हे त्यांचे जीवन होते. व्यायाम हा शब्द न उच्चारता हाडांना व्यायाम मिळे. ते जीवन सुखाचे होते, असे आम्ही म्हणत नाही. अतिभाराने हाड सुधारत नाही, झिजते. वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडी बांधवांना हे आम्ही सांगावयास नको. पण त्यांच्या पाठीवर अति आणि आमच्या पाठीवर काहीच नाही, अशी ही वाटणी आहे. आम्ही लिफ्टने उतरतो, गाडीत बसतो, कचेरीत बसतो आणि परत येऊन पुन्हा बसतो.

दुसरी गोष्ट ऊन. येथे आपल्या महाराष्ट्रातलाच एक दाखला सांगण्याजोगा आहे. १९२१ साली हचिसन आणि पटेल या दोघांनी नाशिक शहरातील मुडदुसाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. ड जीवनसत्त्वाचा उलगडा तेव्हा व्हावयाचा होता. मुडदूस हा दरिद्री, अर्धपोटी मुलांचा रोग, असा समज. पण नाशिकच्या भागातील त्या काळच्या पाहणीत उलटेच आढळले. खाऊनपिऊन सुखी, परंतु पडद्यात आणि अंधाऱ्या घरात राहणाऱ्या कुटुंबांत हा रोग अधिक होता. उन्हात राबणाऱ्या गरिबांची मुले, निकृष्ट अन्न खाऊनही, त्यातून बरीच सुटलेली होती. अन्नातील कॅल्शियम आतड्यात शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः कातडीवर ऊन पडून तयार होते.

शंभर वर्षांनी तो पडदा गेला. त्याच्या जागी काच आली. ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व बनते ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन मनाला सुखद असले तरी या कामी दुबळे असते. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, तेव्हाचे ऊन उपयोगी. आठवड्यातून काही दिवस पंधरा-वीस मिनिटे हातापायांवर ते पडू द्यावे. वैशाखात वृद्धांनी हे धाडस करू नये. त्यांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे.

तिसरी गोष्ट अन्न. प्रौढ माणसास दिवसाला १,००० मिलीग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रीस १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम हवे, असे आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविले. पेलाभर दुधातून सुमारे २४० मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, आणि न सोललेल्या तिळांत त्याहून पुष्कळ अधिक. सुका जवळा अख्खा आणि मांदेली काट्यासकट खाणारी कोळीण हे आकडे न शिकताही शहाणी होती. जोडीला डाळी, उसळी, अंडी हवीत. कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो.

आता दोन माणसांकडे आमचे लक्ष वेधावयाचे आहे. पहिली, दहावीची मुलगी. शाळा, शिकवणी आणि अभ्यास यांत तिचा दिवस छपराखाली जातो. खेळाचा तास गणिताला दिला जातो. हाडांच्या भरणीची हीच वर्षे असतात, आणि ती परत येत नाहीत. लंगडी, खोखो, दोरीवरच्या उड्या, मंगळागौरीची फुगडी, हे खेळ हाडांस थेट खत घालतात. पोहणे हृदयास उत्तम. परंतु पाण्यात भार हलका होत असल्याने हाडांस त्याचा लाभ कमी.

दुसरी, घरातील आजी. खाडीवरचा पूल १९७३ साली आणि वाशीची रेल्वे १९९२ साली सुरू झाली. त्या सुमारास संसार घेऊन येथे आलेल्या स्त्रिया आज सत्तरीत आहेत. मुलांना दूध घालून स्वतः कोऱ्या चहावर दिवस काढणाऱ्या याच. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतील एक वर्षभरात दगावतो, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांस पूर्वीसारखे चालता येत नाही. उंची कमी झाली, पाठ वाकू लागली, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. हाडांची घनता मोजता येते आणि गुणकारी औषधे आहेत. न्हाणीघरात पकडावयास दांडी, रात्री एक मिणमिणता दिवा, खडबडीत फरशी यांना कितीसा खर्च येतो?

तंबाखू आणि दारू हाडे पोखरतात, हेही सांगून टाकतो.

शहर आखणाऱ्यांनी आपल्याला मैदाने आणि उद्याने दिली, पारसिकचा डोंगर तर निसर्गानेच दिला. ती मैदाने मोकळी राखणे, शाळेतला खेळाचा तास शाबूत ठेवणे आणि घरातल्या आजीच्या पेल्यात दूध पडते की नाही हे पाहणे, एवढे आपल्या हातात आहे. अस्थी गोळा करण्याचे काम मागे राहणाऱ्यांस करावेच लागेल; त्या आधी साठविण्याचे काम मात्र आपले आपणच केले पाहिजे.