फेस आणि स्वच्छता

केस धुतांना फेस जितका अधिक, तितकी स्वच्छता अधिक, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि रूढ आहे. ती तपासून पाहणें अगत्याचें आहे. कारण डोक्याची त्वचा कोरडी पडून खाजूं लागली, म्हणजे पुष्कळ जणी अधिकच तीव्र साबण चोळतात व मूळचें दुखणें वाढवून घेतात.

जड पाण्यांत साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. ती अडचण दूर करणारा ‘ड्रीन’ नांवाचा शांपू १९३४ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यांत सल्फेट वर्गांतील द्रव्य होतें. त्याच कुळांतील सोडियम लॉरिल सल्फेट पुढें असंख्य शांपूंत आलें. याच्या रेणूचें एक टोंक तेलाला धरतें, दुसरें पाण्याला. म्हणून मळ सुटतो. परंतु मळाबरोबर त्वचेचें नैसर्गिक स्निग्ध आवरणहि निघून जातें. नाजूक त्वचेच्या व रुक्ष केसांच्या माणसांना हें विशेष जाचतें. केस गळण्याचा सारा दोष मात्र सल्फेटावर लादूं नये. दररोज ५० ते १०० केस गळणें स्वाभाविकच असतें.

महाराष्ट्रांतील न्हाणीघराला सौम्य उपाय अपरिचित नाहीं. शिकेकाईच्या शेंगांत व रिठ्याच्या टरफलांत सॅपोनिन हें फेस आणणारें द्रव्य असतें. शिकेकाईच्या शेंगा रात्रीं भिजत घालाव्या, सकाळीं उकळाव्या व काढा दुहेरी फडक्यांतून गाळावा. नाहींतर भरड केसांत अडकते.

न्हाण्यापूर्वीं खोबरेल तेल हलक्या हातानें लावावें. त्यानें केसांतील प्रथिनांची झीज कमी होते. काढा डोक्याच्या त्वचेवर चोळावा, केसांच्या टोंकांवर घासूं नये. नंतर कोमट पाण्यानें केस पुरते धुवावे, पंचानें टिपावे आणि रुंद दातांच्या फणीनें टोंकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा. किती दिवसांनीं न्हावें, हें वारावरून ठरवूं नये. त्वचा तेलकट असल्यास लवकर, कोरडी असल्यास सावकाश न्हावें.

वनस्पतिज पदार्थहि सर्वांना मानवतात असें नाहीं. रिठा डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो. नवें द्रव्य प्रथम हातावर थोडें लावून पाहावें. चट्टे उठल्यास अथवा केस झपाट्यानें गळूं लागल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांस दाखवावें.

बाटलीच घ्यावयाची असेल, तर घटकांच्या यादींत ‘सल्फेट’ हा शब्द आहे कीं काय तें पाहावें. तो नसल्यास फेस बेताचाच येईल. पण तेवढ्यावरून केस मळके राहिले असें मानण्याचें कारण नाहीं.