चेरी काउंटी : गवताखालची वाळू

अमेरिका हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गगनाला भिडणाऱ्या इमारती, मोटारींनी भरून वाहणारे रस्ते आणि दिवसरात्र न निजणारी महानगरे उभी राहतात. हे चित्र खोटे नव्हे, पण ते अपुरे आहे. त्या देशाचा कारभार ज्या तीन हजारांहून अधिक काउंट्यांत वाटला गेला आहे, त्यांतील कितीतरी काउंट्यांत एकही मोठे शहर नाही. नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवर असलेली चेरी काउंटी ही त्यांपैकीच एक. क्षेत्रफळाने ती त्या राज्यातील सर्वांत मोठी काउंटी असून तिचा विस्तार सुमारे 6,000 चौरस मैलांचा आहे. कनेक्टिकट हे सबंध राज्यसुद्धा तिच्यापेक्षा लहान भरते. महाराष्ट्रातील श्रोत्यांना जवळचे माप हवे असेल तर पुणे जिल्हा घ्यावा. दोहोंचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे आहे. मात्र 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांच्या घरात होती, आणि 2020 च्या अमेरिकन जनगणनेत चेरी काउंटीची लोकसंख्या भरली 5,455. म्हणजे चौरस मैलामागे पुरते एक माणूसही नाही.

इतक्या मोठ्या मुलखात इतकी थोडी माणसे का, ह्या प्रश्नाचे उत्तर पायाखालच्या जमिनीत आहे. ह्या प्रदेशाला सँडहिल्स, म्हणजे वाळूच्या टेकड्या, असे नाव आहे. नेब्रास्काचा सुमारे एकचतुर्थांश भाग ह्या टेकड्यांनी व्यापला असून चेरी काउंटीचा बहुतांश भाग त्यांतच मोडतो. वाऱ्याने रचलेल्या ह्या टेकड्यांपैकी काही 400 फुटांपर्यंत उंच आहेत आणि काहींच्या रांगा कित्येक मैल लांब पसरल्या आहेत. अरबस्तानातील वाळवंटात जे दिसते तेच येथे आहे. फरक इतकाच, की येथील वाळूवर गवताचे पांघरूण आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणात हे पांघरूण फाटले होते आणि टेकड्या पुन्हा चालू लागल्या होत्या, असे भूवैज्ञानिकांनी सिद्ध केले आहे. आजही एखाद्या उतारावर गुरांनी गवत फार तुडविले, किंवा गाडीच्या चाकोरीने मुळे उघडी पडली, तर वारा तेथे शिरतो आणि पाहता पाहता वाळूचा मोठा खड्डा पोखरून काढतो. त्या मुलखातील शेतकऱ्याला दरोडेखोरापेक्षा ह्या खड्ड्याचे भय अधिक वाटले तर नवल नाही.

मात्र ही वाळू कोरडी नाही. वर्षाकाठी अवघा वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण जो पडतो तो वाहून न जाता वाळूत मुरतो आणि खालच्या ओगलाला नावाच्या विस्तीर्ण जलसाठ्यात जाऊन मिळतो. टेकड्यांमधल्या सखल भागांत हे पाणी आपोआप वर येते, आणि त्यामुळे काउंटीच्या दक्षिण भागात शेकडो तळी व पाणथळ कुरणे निर्माण झाली आहेत. उत्तरेकडून वाहणारी नायोब्रारा नदी ह्याच झऱ्यांवर पोसली जाते. तिच्या खोऱ्यात पश्चिमेचे पाइन वृक्ष, पूर्वेकडील पानझडी वृक्ष आणि हिमयुगाची आठवण म्हणून मागे राहिलेले भूर्जवृक्ष एकाच काठावर आढळतात. तिच्या 76 मैलांच्या पात्राला 1991 साली राष्ट्रीय निसर्गरम्य नदी म्हणून संरक्षण मिळाले. नेब्रास्कातील सर्वांत उंच धबधबाही येथेच आहे. तो 63 फुटांचा आहे हे ऐकून सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला हसू येईल. पण सपाट प्रदेशातील लोक त्याचे कौतुक मनापासून करतात. ह्याच काउंटीतील स्नेक नदीवर 1964 मध्ये मेरिट धरण पूर्ण झाले. त्याच्या कालव्याचे पाणी मात्र भिजविते ते पूर्वेकडील शेजारच्या काउंटीतील शेते.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधी ही भूमी लाकोटा, पाँका, पॉनी ह्या लोकांची शिकारभूमी होती. काउंटीच्या उत्तर सीमेपलीकडे, दक्षिण डकोटा राज्यात, लाकोटांची रोझबड राखीव भूमी आजही आहे. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी 1880 साली नायोब्राराकाठी लष्कराचा एक किल्ला उभारण्यात आला. त्या किल्ल्यावरील लेफ्टनंट सॅम्युअल चेरी 1881 साली दरोडेखोरांच्या पाठलागावर असता आपल्याच तुकडीतील एका सैनिकाच्या गोळीला बळी पडला. 1883 मध्ये काउंटी स्थापन झाली तेव्हा तिला त्याचे नाव देण्यात आले. त्याच सुमारास रेल्वे आली आणि रुळांच्या कडेने व्हॅलेंटाइन, वुड लेक, कोडी, मेरिमन ही गावे वसली. किल्ला 1906 मध्ये मोडीत निघाला. 1912 पासून ती जागा वन्य प्राण्यांचे अभयारण्य झाली असून, ज्या रानरेड्यांचा त्या काळी जवळजवळ निर्वंश झाला होता त्यांचा एक कळप तेथे चरतो.

काउंटीच्या इतिहासातील सर्वांत मोठा झगडा जमिनीचा. 1862 च्या कायद्याने प्रत्येक वसाहतवाल्याला 160 एकर सरकारी जमीन मिळे. पूर्वेकडील काळ्या मातीत तेवढ्यात एका कुटुंबाचे सुखाने भागे. वाळूच्या टेकड्यांत तेवढ्यावर दहाबारा गाईसुद्धा धड जगत नाहीत. त्यामुळे छोटे शेतकरी फिरकले नाहीत आणि मोठ्या गुरेवाल्यांनी सरकारी जमिनीलाच काटेरी तारा ठोकल्या. बार्टलेट रिचर्ड्स हा त्यांतील एक बडा मालक. त्याच्या स्पेड नावाच्या कुरणाचा विस्तार चेरी आणि शेरिडन ह्या दोन काउंट्यांत होता. 1905 मध्ये त्याने व त्याच्या भागीदाराने बेकायदा कुंपणाचा गुन्हा कबूल केला, तेव्हा न्यायालयाने त्यांना 300 डॉलर दंड आणि सहा तासांची कैद फर्मावली. ही कैद त्यांनी ओमाहा शहरातील एका क्लबात आरामात भोगली! ही वार्ता कानी पडताच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले, आणि त्यांनी संबंधित सरकारी वकील व मार्शल ह्या दोघांनाही घरी पाठविले. पुढच्याच वर्षी नवा खटला उभा राहिला. त्यात वर्षभराची शिक्षा झाली आणि 1911 मध्ये ती भोगत असतानाच रिचर्ड्स मरण पावला. कुरणवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या जमिनीवर नांगर चालणार नाही, तिला मोठी कुरणेच हवीत, हे त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांचे चुकले ते एवढेच, की जमीन कोणाची हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवून टाकला.

ह्या वादावर तोड म्हणून 1904 साली किंकेड कायदा झाला. त्याअन्वये पाच वर्षे जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबाला 640 एकर, म्हणजे पुरा एक चौरस मैल, मिळू लागला. माणसांची रीघ लागली. 1900 साली काउंटीची लोकसंख्या 6,541 होती, ती 1920 मध्ये 11,753 झाली. ह्या लाटेत काही कृष्णवर्णीय कुटुंबेही आली आणि त्यांनी 1907 च्या सुमारास नॉर्थ लूप नदीकाठी डेविटी नावाची वस्ती वसविली. गुलामगिरीतून निसटून कॅनडात आश्रय घेतलेल्यांचे वंशज त्यांत होते. त्यांनी गवताच्या मुळांसकट मातीचे चौकोन कापून घरे बांधली, शाळा काढल्या, शेजारच्या गोऱ्या वस्तीशी बेसबॉलचे सामने खेळले. राज्यातील कृष्णवर्णीयांची ही सर्वांत मोठी ग्रामीण वस्ती होय. परंतु 640 एकरदेखील पुरेनात. वाळूने नांगराला दाद दिली नाही, आणि तिसाव्या दशकापर्यंत ती माणसे पांगली. 2016 मध्ये तेथे एक स्मारकफलक उभारण्यात आला आहे.

गोऱ्या वसाहतवाल्यांचीही गत निराळी झाली नाही. एकाने विकावे, दुसऱ्याने घ्यावे, असे होत होत जमीन पुन्हा मोठ्या कुरणांत गोळा झाली. ह्या खेपेस मात्र रीतसर खरेदीखताने. 1920 नंतरच्या प्रत्येक जनगणनेत आकडा उतरतच गेला: 1950 मध्ये 8,397, 2000 मध्ये 6,148, आणि 2020 मध्ये 5,455. माणसे घटली तरी गुरे घटली नाहीत. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंच्या संख्येत चेरी काउंटीचा क्रमांक सबंध अमेरिकेत पहिला असून त्यांची गणती दीड लाखावर जाते. जानेवारी 1949 च्या भयंकर हिमवादळात ह्या भागातील कुरणे जगापासून तुटली, तेव्हा लष्कराने बुलडोझरने रस्ते मोकळे केले आणि विमानांतून गवताच्या पेंढ्या खाली टाकल्या.

अशा मुलखाचा कारभार कसा चालतो? भारतीय श्रोत्याच्या मनात जिल्हा म्हटला की जिल्हाधिकारी येतो, वरून नेमलेला आणि बदलीवर जाणारा. काउंटीत असा अधिकारी नाही. तिचा प्रमुख एक व्यक्ती नसून निवडून आलेल्या आयुक्तांचे मंडळ असते, आणि चेरी काउंटीत ते तिघांचे मंडळ म्हणून चालत आले आहे. शेरीफ, चिटणीस, खजिनदार, मालमत्तेचे मूल्य ठरविणारा अधिकारी, सरकारी वकील हेही चार-चार वर्षांसाठी मतदारच निवडतात. त्यामुळे मंडळाला शेरीफचे अंदाजपत्रक कापता येते, पण त्याला नोकरीवरून काढता येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता काउंटीला स्वयंभू सत्ता नाही. राज्याच्या विधिमंडळाने जे अधिकार दिले तेवढेच तिचे. आणि हे विधिमंडळही 1937 पासून एकाच सभागृहाचे आहे, जे त्या देशात अन्य कोणत्याही राज्यात आढळत नाही.

काउंटीचे मुख्य ठाणे व्हॅलेंटाइन. वस्ती अडीच हजारांच्या थोडी वर, म्हणजे काउंटीतील जवळजवळ निम्मी माणसे ह्या एका गावात. एका खासदाराच्या आडनावावरून ठेवलेले हे नाव योगायोगाने प्रेमिकांच्या सणाचेही असल्याने, दर फेब्रुवारीत देशभरातून पत्रे येतात, ती येथील टपालाचा शिक्का उमटवून घेण्यासाठी. काउंटीच्या पश्चिम भागातील माणूस कचेरीत कामासाठी यायचा झाला तर त्याला लांबचा प्रवास तर करावा लागतोच, शिवाय घड्याळही पुढे करावे लागते. कारण दोन कालविभागांची सीमा काउंटीच्या मधून जाते. कोडी आणि मेरिमन येथे नऊ वाजलेले असतात तेव्हा व्हॅलेंटाइनमध्ये दहा.

मंडळाच्या कामात रस्ते आणि कर ह्या दोन गोष्टींनी सर्वाधिक जागा व्यापली आहे. उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर. शेतजमिनीचे मूल्य तिच्या बाजारभावाच्या 75 टक्के धरले जाते आणि त्यावर कर बसतो. ज्याला हे मूल्य अवाजवी वाटेल त्याने जूनअखेर तक्रार नोंदवायची. मग उन्हाळ्यात तेच आयुक्त समानीकरण मंडळ म्हणून बसतात आणि एकेकाचे गाऱ्हाणे ऐकतात. तक्रारदार आणि निवाडा देणारे बहुधा एकमेकांना बालपणापासून ओळखत असतात. ह्या ओळखीमुळे न्याय सोपा होतो की अवघड, हे सांगणे कठीण. वाऱ्यावर वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्या टेकड्यांवर उभाराव्यात की नाही, हा वाद अलीकडच्या वर्षांत असाच ह्या मंडळापुढे आला. एकाला त्यात भाडे आणि काउंटीला कर दिसतो. शेजाऱ्याला उघडी पडणारी वाळू आणि बिघडलेले क्षितिज. दोघेही त्याच गवतावर जगतात. प्रकरण सभागृहातून न्यायालयातही गेले.

सर्वांत हळवा विषय शाळांचा. एकशिक्षकी प्राथमिक शाळा ही ह्या मुलखाची जुनी संस्था. दूरच्या कुरणांवरील पाचसात मुलांसाठी चालणारी, आणि स्वतःचे निवडलेले शाळामंडळ असलेली. 2005 साली राज्याने कायदा करून अशी केवळ प्राथमिक शाळा चालविणारी मंडळे मोठ्या मंडळांत विलीन करण्याचे ठरविले. खर्चाचा हिशेब राज्याच्या बाजूने होता. ग्रामीण पालकांनी सह्या गोळा करून हा प्रश्न सार्वमतास लावला, आणि नोव्हेंबर 2006 मध्ये राज्यातील मतदारांनी तो कायदा फेटाळूनही लावला. परंतु विलीनीकरण त्याच वर्षीच्या जूनमध्ये पार पडले होते. कायदा गेला, पण मोडलेली मंडळे परत आली नाहीत. एखादे कुटुंब मुलांना व्हॅलेंटाइनला ठेवण्यासाठी आईसह तेथे बिऱ्हाड करते आणि वडील कुरणावर गुरांपाशी राहतात. जनगणनेच्या कागदावर अशाने काउंटीचा आकडा बदलत नाही. पण आणखी एका टेकडीआडचा दिवा रात्री लागेनासा होतो.

रेल्वेही आता उरलेली नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस तिचे रूळ उचलले गेले आणि त्या जागी पायी व सायकलीने जाणाऱ्यांसाठी वाट झाली. व्हॅलेंटाइनजवळ ही वाट नायोब्राराच्या पात्रावरून सुमारे दीडशे फूट उंचीच्या जुन्या लोखंडी पुलाने पलीकडे जाते. उन्हाळ्यात होड्यांतून नदी उतरणारे प्रवासी त्या पुलाखालून जातात, आणि त्यांच्या राहण्याजेवणावर गावातील काही घरांची चूल चालते. काउंटीच्या तिजोरीत मात्र नदी, अभयारण्ये आणि मॅकेल्वी राष्ट्रीय वन ह्यांच्याकडून कर येत नाही, कारण संघराज्याच्या मालमत्तेवर कर आकारता येत नाही. त्याच्या मोबदल्यात 1976 च्या कायद्याप्रमाणे वॉशिंग्टनहून दरवर्षी काही रक्कम येते. ती किती यावी हे ठरते तेथील काँग्रेसमध्ये, आणि ती खर्च कशी व्हावी हे ठरते व्हॅलेंटाइनच्या कचेरीत.