डॉक्टर फ्रेझर आणि आमचा व्हाळ

चतुर-टाचण्यांमागे रानोमाळ फिरणाऱ्या मित्रांनो,

सिंधुदुर्गात तुमचं मनापासून स्वागत. मी इथला गावडॉक्टर. ही परिषद ज्यांच्या स्मरणार्थ भरते आहे ते फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझरही डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले; म्हणून स्वागताध्यक्षपद मी हट्टानं मागून घेतलं.

रुग्णसेवा सांभाळून या माणसानं ओढेनाले पालथे घातले. १९१८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांची चतुरांवरची लेखमाला सुरू झाली. पुढे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत १९३३, १९३४ आणि १९३६ साली तीन खंड निघाले. नव्या जातीची शंका आली की आजही आधी तेच उघडावे लागतात.

माझ्याकडे त्या खंडांची झेरॉक्स आहे. ती शेजारी ठेवून एका मेलेल्या चतुराचा पंख भिंगाखाली धरला आणि आडव्या शिरा मोजल्या. तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा आकडा वेगळा. शिरा, पंखाच्या बुडाजवळचा त्रिकोण, टोकाशी असलेला रंगीत ठिपका, नराच्या शेपटीचा चिमटा. फ्रेझर यांनी हे शेकडो जातींचं तपासून लिहून ठेवलं. डोळ्यांची आणि मनाची केवढी ती शिस्त!

चतुर-टाचण्यांचे दुसरे अभ्यासक लेडलॉ यांनी १९२० साली सह्याद्रीतल्या एका टाचणीला फ्रेझर यांचं नाव दिलं. नराचं पोट लालभडक, शेवट काळा. वाहत्या पाण्यावर ती उन्हात बसली की नजर हलत नाही.

आणि अजून सगळं सापडलेलं नाही. सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी २०१९ साली याच जिल्ह्यातून नवी जात म्हणून नोंदली गेली. पाण्यातल्या अळ्यांची ओळख तर कितीतरी जातींत पटायची आहे. आमच्या व्हाळाचा एक काठ मध्यंतरी काँक्रीटनं बांधला. पूर्वी तिथल्या गवतावर सकाळी चतुरांच्या अळ्यांनी टाकलेल्या काती दिसत, आता दिसत नाहीत. नक्की कोण गेलं ते मी सांगू शकत नाही, कारण आम्ही कुणी ते लिहूनच ठेवलं नव्हतं. ही खंत मला आहे.

म्हणून उद्या पहाटे साडेपाचला वरच्या अंगाला, न बांधलेल्या काठावर जाऊ. बूट भिजतील, जादा मोजे घ्या. कात दिसली तर ओढू नका, पाय तुटतात. गवताच्या काडीसकट खुडा. रिकाम्या डब्या नोंदणीच्या टेबलावर आहेत. परत येईतो घावणे तयार असतील.